गठाणीतली आग आणि आमचे श्वास

"टीबी नाही," माझ्या एक्स-रेची फिल्म खिडकीसमोर धरून डॉक्टर म्हणाले. "क्रॉनिक ब्रॉंकायटिस आहे."

म्हणजे श्वासनळ्यांची सूज, जी सहजासहजी उतरत नाही. कापसाच्या जिनातल्या आगीच्या धुरामुळे ती आली असावी, असं त्यांना वाटत होतं. श्वास पूर्वीसारखा होईल का, हे मी विचारलं नाही. वडिलांनी विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "असा धूर लागलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे आपल्याकडे कोणी पाहिलेलंच नाही."

बडनेऱ्याला आमचं रेल्वेचं क्वार्टर होतं आणि रुळांपलीकडे ते जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्या उन्हाळ्यात तिथे आग लागली. ज्वाळा लवकर विझल्या. धूर मात्र कितीतरी दिवस आमच्या घरात होता. पावसाळा सरला तरी माझा खोकला गेला नाही. पायऱ्या चढताना मध्येच थांबावं लागे. तेव्हा मी सँडलचा पट्टा नीट करत असल्याचं दाखवी. मला शिक्षिका व्हायचं होतं. वर्गात अख्खा तास बोलण्याइतका श्वास उरेल का, एवढंच मला कळायला हवं होतं.

अमरावतीच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी गिरजाबाई असत. त्या त्याच जिनात कामाला होत्या आणि आगीच्या वेळी आतच होत्या. मी रुमालात दाबून खोकले की म्हणत, "काहून चोरून खोकलतं वं? सरकारनं टॅक्स लावला का त्याच्यावर?"

धूर लागलेल्या सगळ्यांना दरवर्षी तपासायचं, आणि तुलनेसाठी धूर न लागलेल्यांनाही, असं डॉक्टरांच्या मनात होतं. त्यासाठी स्पायरोमीटर हवा होता. म्हणजे पाण्यावर तरंगणारं पत्र्याचं पिंप. नळीतून फुंकलं की ते वर उचललं जातं, आणि छातीत किती हवा मावते ते कळतं. दवाखान्यात औषधांना पैसे होते, असल्या शोधाला नव्हते.

मग डॉक्टर कापूस बाजारातल्या अडत्यांकडे गेले. दर गाडीमागे कापलेला धर्मादा त्यांच्याकडे जमे. तो पाणपोईला, गोरक्षणाला जाई. आम्हा दोघींना डॉक्टरांनी सोबत नेलं.

अडत्यांमधले मोठे शेठजी लोडाला टेकून बसले होते. "दवाई सांगा, देतो," ते म्हणाले. "संत्री सांगा, वरूडहून गाडी मागवतो. पण नुसतं फुंकून पाहायले पैसे कायचे? यानं एखादा तरी बरा होईन का?"

"या वर्षी नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढचंही वचन देत नाही."

मी सतरंजीकडे बघत होते. त्यांनी खोटं बोलावं, असं मला वाटत होतं. एका 'हो'वर काम झालं असतं.

शेठजी माझ्याकडे वळले. "पोरी, तूच सांग. तुले दवाई पाहिजे का यंत्र?"

शाळेत मी कधी हात वर केला नव्हता. "शेठजी," मी म्हणाले, "त्या जिनात तुमच्याही गठाणी होत्या. विझल्या म्हणून बाजूला रचल्या होत्या. मी खिडकीतून बघत होते. मागाहून एक फोडली, तर ती आतून जळत होती. आमच्या आत काय चाललंय, ते कोणी पाहिलेलं नाही."

"आमाले फक्त फोडू नका म्हना, माय!" गिरजाबाई म्हणाल्या, आणि सगळी बैठक हसली.

"मी तं हिले मुकी समजून राहिलो होतो," शेठजी म्हणाले. "एका वर्षाचा पैसा देतो, डाक्टरसायब. पण मलेबी फुंकू द्या. पैसा आमचा अन् फुंक दुसऱ्याची, हे काही जमत नाही."

डॉक्टरांना आनंदच झाला. धूर न लागलेला पहिला माणूस मिळाला होता.

ते एक वर्ष पुढे वाढत गेलं. शेठजी दरवर्षी पगडी काढून, लालबुंद होऊन फुंकत आणि गिरजाबाईंपेक्षा पिंप किती वर गेलं ते मोठ्यानं सांगत. "तुमी गादीवर बसले, मी धुरात," गिरजाबाई म्हणत. "जिनात एक पाळी करून दाखवा, मंग बोला." त्यांचा श्वास मात्र उतरत होता. आगीनंतरही जे जिनाच्या धुळीत राबत राहिले, त्या सगळ्यांचा उतरत होता. हे ध्यानात येताच डॉक्टरांनी स्वतः जिनाच्या मालकाकडे जाऊन गिरजाबाईंना धुळीपासून दूर, आवारातलं काम मिळवून दिलं. पुढच्या तपासणीत त्यांचं पिंप आणखी खाली आलं नाही.

माझ्या दरवर्षीच्या फुंकांचा आलेख थोडा चढला आणि थांबला. डॉक्टरांनी तो माझ्यासमोर ठेवला.

"हा आता इथेच राहील. वाढणार नाही. धूर-धूळ टाळलीस तर घटणारही नाही. इतक्या जणांचं पाहिलंय म्हणून सांगतो."

"वर्गात पूर्ण तास बोलता येईल?" त्यांना मी स्वतः विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तळमजल्यावरच्या वर्गात, हो."

आता मी तळमजल्यावर शिकवते. तळमजलाच का, हे मुख्याध्यापिकांना आधीच सांगितलं आहे. तुमच्या गावात आग लागली, पूर आला, आणि मागाहून कोणी हातात औषध नसताना नुसतं तपासायला आलं, तर त्याला परत पाठवू नका. तुम्ही धडधाकट असाल तरी तुलनेसाठी जा. ज्याचं उत्तर अजून हाती नाही, त्या प्रश्नासाठी भरल्या बैठकीत पैसे मागणं सोपं नसतं. डॉक्टरांनी ते खोटी आशा न दाखवता केलं. त्या दिवशी शेठजींसमोर मला हवं होतं ते खोटं 'हो' त्यांनी दिलं असतं, तर नंतरच्या या 'हो'वर विसंबून मी नोकरी धरली नसती.