गिलावा खरवडणारी आपा

कुणाच्याही घरी गेली की आपा आधी नळाच्या तोंडात बोट घालायची. चहा नको, पाणी नको, आधी बोट. मग ते अंगठ्यावर घासून बघायची आणि बुळबुळीत लागलं की घरच्या बाईकडे अशी बघायची, की त्या बिचारीला कुठे तोंड लपवू असं होऊन जावं. आमच्या हमरापूरच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने थेट माठात हात घातला. माझ्या आईने तो सकाळीच धुतला होता. "वहिनी, विसळलाय ह्यो. घासला नाय," आपा म्हणाली. आई तिच्यासमोर हसली आणि नंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, कारण आपाला घरी मी बोलावलं होतं.

रोह्यातल्या एका लहानशा दवाखान्यात आपा जखमांची ड्रेसिंग करायची. तिथले सर्जन डॉक्टर आले त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे होती, आणि हे ती डॉक्टरांना अधूनमधून ऐकवायचीही. नवरा कुवेतला असायचा, तो तिकडेच वारला. मुलगा कतारला. तो दरवर्षी 'इकडे ये' म्हणायचा आणि ही दरवर्षी 'माझे पाय कोण बघणार?' म्हणायची. माझे पाय म्हणजे पेशंटांचे पाय. अंगाने काटकुळी, ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली, बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. पेशंट तिला पाठीमागे 'घासबाई' म्हणत आणि तोंडावर 'आपा'. तिला दोन्ही नावं माहीत होती.

तिच्या तोंडात एक शब्द सारखा असायचा, गिलावा. "जंतू काय उघड्यावर ऱ्हातात व्हय?" ती विचारायची. "चार जमले की चिकट गिलावा करतात नि आत बसतात. गोळी जाते, सुई जाते, गिलाव्यावरनं घरंगळते." मी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी झाले होते. बायोफिल्मवर, म्हणजे जंतूंच्या याच चिकट थरावर, परीक्षेत दोन पानं लिहून मार्कही मिळवले होते. पण ती गोष्ट हातमोज्यातून बोटाला कशी लागते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी आपाकडे शिकले, आणि शिकायची वेळ आली ती माझ्याच चुकीमुळे.

माझे बाबा आखणीचे कारागीर. आमच्या गावात घरोघरी गणपतीच्या मूर्ती घडवतात, पण डोळे आखायला लोक बाबांना बोलावतात. मोठ्या मूर्तीसमोर स्टुलावर उभं राहून, श्वास धरून ते बुबुळाची रेघ ओढतात. त्यांना साखरेचा आजार आहे, आणि त्याने पायातली जाणीव बरीच गेलेली. एका पावसाळ्यात साच्यातली तार उजव्या पायाच्या करंगळीजवळ घुसली. त्यांना ते दुसऱ्या दिवशी कळलं, अंथरुणाला रक्त लागलेलं दिसलं तेव्हा.

आता इथे आमच्या धंद्याची सवय आडवी आली. पावसात मूर्ती सुकत नाहीत म्हणून कारखान्यात हॅलोजनचे मोठे दिवे लावतात. बाबांनी आयुष्यभर ओली वस्तू वरून सुकवण्याचंच काम केलेलं. भेग पडली तर वरून लुकण भरायचं, दिव्यापुढे ठेवायचं, काचपेपर मारायचा, रंग द्यायचा. त्यांनी पायाचंही तेच केलं. रोज जेवण झाल्यावर खुर्ची टाकून ते जखम हॅलोजनसमोर धरून बसायचे. चटका कळत नव्हता. आठवड्यात तिच्यावर खडखडीत खपली धरली. बोटाने टकटक करून ते सगळ्यांना दाखवायचे, "बघा, बेस सुकलाय."

मी तेव्हा पेणच्या एका लॅबमध्ये नुकतीच लागले होते. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना गोळ्या दिल्या आणि जखमेचा नमुना तपासायला सांगितला. बापाच्या पायाचा नमुना लेकीनेच घ्यायचा म्हणून मी कापसाची काडी घरी आणली, त्या सुक्या खपलीवर छान फिरवली आणि लॅबमध्ये लावली. दोन दिवस जंतू वाढवायची प्लेट कोरी. 'जंतूंची वाढ आढळली नाही', असं मीच टाइप केलं आणि मीच सही केली. बाबांनी तो कागद देव्हाऱ्याखाली ठेवला आणि गोळ्या बंद केल्या. मीही काही बोलले नाही, उलट मला बरंच वाटलं. पंधरा-वीस दिवसांत करंगळी काळी पडली, घोट्यापर्यंत सूज आली, ताप चढला. आता पाऊल घोट्यापासून काढावं लागेल असं वाटतंय, असं डॉक्टर म्हणाले. बाबा एवढंच बोलले, "स्टुलावर कोण उभं ऱ्हाणार मग?"

रोह्याला माझी आत्या राहते. तिने फोनवर रडत-ओरडत सांगितलं, कापायच्या आधी एकदा आमच्या आपाला दाखवा. त्याच दुपारी आम्ही बाबांना गाडीत घालून रोह्याला नेलं.

आपाने आधी पाय पाहिला नाही, कागद पाहिले. माझ्या रिपोर्टवर तिचं बोट थांबलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"कुठनं घेतलास नमुना?"

"वरून," मी म्हणाले. 

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "ये इकडं, बॅटरी धर," म्हणाली. तिथल्या सर्जन डॉक्टरांनी खपली कापून उचलली आणि खालून जे बाहेर आलं ते मी अजून विसरलेले नाही. वर कौलासारखं कोरडं आणि आत माठाच्या तळासारखं बुळबुळीत. वास वेगळाच. "काय दिसतं?" आपाने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, पाणी आहे." "परत बघ," ती म्हणाली. परत पाहिलं तेव्हा मांसावर तकतकीत पातळ सायीसारखा थर दिसला. डॉक्टरांनी दोन बोटं आणि मेलेलं मांस काढलं. त्यांचं झाल्यावर आपाने खारं पाणी सोडत, कडक गॉझने ती खोबण आतून घासायला घेतली. "लाल आलं पाहिजे," ती पुटपुटत होती. "लाल आलं की समजायचं, जित्यापर्यंत पोचलो." मग तळातला मांसाचा तुकडा बाटलीत घालून माझ्या हातात दिला. "आता लाव तुझ्या लॅबमध्ये."

या वेळी प्लेटवर दोन पाहुणे आले. एक गुच्छांनी वाढणारा जंतू आणि दुसरी कँडिडा ही बुरशी. बाबांचे पाय वर्षभर ओल्यात, बोटांच्या बेचक्या कायम पांढऱ्या पडलेल्या, त्यामुळे बुरशीला तिथे जागा मिळाली होती. मी बाबांना कागदावर चित्र काढून दाखवलं. बुरशीचे तंतू आडवेतिडवे जातात, जंतू त्यांना धरून बसतात आणि वरून दोघांचा मिळून चिकट थर. बाबांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे आतनं काथ्या घातलाय," ते म्हणाले. आम्ही मूर्तीच्या प्लास्टरमध्ये बळकटीला काथ्या घालतो, तसा. आपाला हे इतकं आवडलं, की पुढे ती प्रत्येक पेशंटला 'आमचे पेंटर म्हणतात' असं करून सांगायची.

दवाखान्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी तिला एकदा बाबांच्या जखमेतल्या नमुन्याची काच दाखवली. थराच्या कडेला पांढऱ्या पेशींची गर्दी होती. एरवी या पेशी जंतूला गिळतात. थराला भिडल्या की त्यांना गिळता येत नाही. मग त्या पोटातली जहाल द्रव्यं बाहेरच सोडतात. थराला फारसं काही होत नाही, शेजारच्या चांगल्या पेशी मात्र जळतात, सूज उतरत नाही आणि कडेची नवी कातडी पुढे सरकू शकत नाही. आपा एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिली. "बिचारी आपलीच माणसं," ती म्हणाली. "चोर आत, नि हे बाहेर उभे ऱ्हाऊन आपल्याच घरावर दगड मारतात." इतकी वर्षं जखमेच्या कडा लाल का राहतात ते आज कळलं, असंही म्हणाली. त्या दिवशी तिने मला स्वतःच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट खायला घातली.

एक दिवसाआड ड्रेसिंग हा तिचा हुकूम होता. घासल्यावर दीड-दोन दिवस औषधाला आत शिरायला वाट मिळते, नंतर गिलावा पुन्हा चढतो. आम्ही हमरापूरहून नागोठणेमार्गे जा-ये करत होतो. मध्येच अंबा नदीला पूर आला, नागोठण्यात रस्त्यावर पाणी, आणि चार दिवस आम्ही घरी अडकलो. पाचव्या दिवशी गेलो तर जखम पुन्हा बुळबुळीत. आपाचं तोंड एवढंसं झालं. "पुराला काय बोलू मी?" म्हणाली आणि मग आम्हालाच यथेच्छ बोलली. बाबांनी मुक्काम आत्याकडे हलवला. ऐन हंगामात आखणीचा कारागीर रोह्यात पाय वर करून पडला होता. त्या वर्षीचे डोळे माझ्या आईने आखले. ते बाबांना अजून थोडे तिरळे वाटतात.

तीन महिन्यांनी जखम तळातून भरून वर आली. दोन बोटं गेली, पाऊल राहिलं. मग आपा आमच्याकडे आली, तीच ती माठाची भेट. माठ आटोपून ती कारखान्यात शिरली तर बाबा अनवाणी. तिने फक्त पायांकडे पाहिलं.

"आपा, इथे देव हायत," बाबा म्हणाले. आमच्याकडे कारखान्यात चप्पल कोणी घालत नाही.

"देवाची बोटं शाबूत हायत, पेंटर. तुमची आठच हायत."

मग कारखान्यापुरता वेगळा, रोज धुवायचा, पट्ट्याच्या बंद बुटांचा जोड आला. शिवाय रोज संध्याकाळी मी बॅटरी घेऊन त्यांचे तळवे आणि बेचक्या तपासायच्या, असा नियम ठरला. तो आजतागायत चालू आहे.

माझ्या लॅबमध्येही आपा अदृश्य रूपाने बसलेलीच असते. जखमेवरून नुसती फिरवलेली काडी आली की मी फोन उचलते आणि विचारते, "कुठनं घेतलात नमुना?" वॉर्डातल्या पोरी मला फटकळ म्हणतात. म्हणू देत. आपा मुतायच्या नळीवर, सलाइनच्या सुईवर, जिथे म्हणून शरीरात काही घातलंय तिथे चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. "नळीत पण गिलावा धरतो. तारीख बघा नि काढा," हे तिचं दुसरं पालुपद.

मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. घरी आणल्यावर मी भेटायला गेले तेव्हा ती डाव्या हाताचं बोट पलंगाच्या कडेवर आपटत होती. तिच्या भावाची सून म्हणाली, "दोन दिवस असंच करतेय, काय हवंय कळत नाय. पाणी दिलं, उशी बदलली." मी बोटाच्या रोखाने पाहिलं. खाली लघवीची नळी लोंबत होती. नळीवर तारीख नव्हती. कधी घातली ते घरात कोणालाच नक्की सांगता येईना, प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याला माहीत असेल. मी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून नळी बदलून घेतली, चिकटपट्टी लावली, तारीख लिहिली आणि तिच्या डोळ्यांसमोर धरली. तिचं बोट थांबलं. अर्धं तोंड हसलं.

पण उशीर झाला होता. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला आणि रक्ताचा नमुना माझ्याच लॅबमध्ये आला. जंतूही होता, बुरशीही. रिपोर्ट लिहिताना मला रडू आवरेना, पण एक अक्षर चुकवलं नाही. औषधं बरोबर लागली आणि तरी आठवड्याने आपा गेली. माझा रिपोर्ट या वेळी अचूक होता. त्याचा काही उपयोग झाला नाही, हे मला अजून सोसत नाही.

मुलगा संध्याकाळच्या विमानाने येणार होता, पण दफन तोपर्यंत थांबवता आलं नाही. मी घरात बायकांबरोबर बसले. बाबा जनाज्यामागून कब्रस्तानापर्यंत चालत गेले. फाटकाशी ते सवयीने बुटाचा पट्टा सोडायला वाकले. आपाच्या भावाने त्यांचा दंड धरला. "ऱ्हाऊ द्या, पेंटर. तिला चालायचं नाय." बाबांनी बूट पायातच ठेवले, आत गेले आणि इतरांसारखी त्यांनीही तीन मुठी माती दिली.

संध्याकाळी हमरापूरला परत आल्यावर त्यांनी हात धुतले, मोजे काढले आणि पाय स्टुलावर ठेवला. मी बॅटरी लावली, तळवा पाहिला, बेचक्या पाहिल्या, जिथे दोन बोटं नाहीत ती गुळगुळीत जागा दाबून पाहिली. कुठे ओल नव्हती, कुठे लाली नव्हती.

"काही नाही," मी म्हणाले.

बाबांनी पाय काढून घेतला नाही.

"परत बघ," ते म्हणाले.

मी परत बघितलं.