न्यू मेक्सिकोपर्यंत
काल अमेरिकेचा व्हिसा आला म्हणून जुना नकाशा उलगडला, तर थालीपिठाच्या तेलाचा वास अजून होता. शिकागोहून लॉस एंजेलिसच्या समुद्रापर्यंत जाणारा, शंभर वर्षांपूर्वी आखलेला आणि पुढे नव्या हमरस्त्यांनी गिळलेला तो रूट सिक्स्टी सिक्स. पहिल्यांदा व्हिसा नाकारला तेव्हा शाळकरी लेक इतकी हिरमुसली की मी म्हटलं, तो रस्ता आपण इथेच, बहरीनमध्ये पार करू. मग दर शुक्रवारी उम्म अल हस्समच्या घरून निघून बेटाला चक्कर मारायची आणि गाडीच्या मीटरवर जेवढं अंतर पडेल तेवढं नकाशावर लाल पेनने पुढे सरकायचं. साखीरच्या वाळवंटात आम्ही मिसुरी ओलांडलं, ओक्लाहोमात डबा खाल्ला. शेवटच्या शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावर नकाशावर छापलेला दोन हजार चारशे अठ्ठेचाळीसचा आकडा भरला. मी हॉर्न वाजवत सुटलो, बायको समुद्राला द्यायला आणलेला नारळ घेऊन पाण्याकडे धावली, आणि मागच्या सीटवर नकाशा बघत लेक म्हणाली, “बाबा, हे माइल्स आहेत. आपली गाडी किलोमीटर दाखवते. वी आर स्टिल इन न्यू मेक्सिको.” आयुष्यभर साइटवर मोजमापं घेणारा मी इंजिनिअर. बायकोने पाण्यातूनच विचारलं, “मग नारळ?” मी म्हटलं, “खलास. आज नाही.” पुढे लेकीच्या परीक्षा आल्या आणि उरलेला रस्ता राहिला तो राहिलाच. आता लेक म्हणते, शिकागोपासून सुरू करू. मी म्हटलं, कशाला, न्यू मेक्सिकोपर्यंत आलोय की आपण. बायकोने फक्त एवढंच विचारलं, विमानात नारळ नेऊ देतात का.