बाई असेल तर खुशाल बस

बंदरावरच्या सिनेमा थेटराला मालक नव्हता. गावकरीच आळीपाळीने तिकिटं फाडत, कॉफी करत, खुर्च्या पुसत. त्यात बोडिल सगळ्यांत जुनी. सत्तरी ओलांडली तरी रविवारचा दुपारचा खेळ तिच्याकडेच, आणि तिच्या हातचा सफरचंदाचा केक खाल्ल्याशिवाय कोणी घरी जात नसे.

तिची मुलगी विबेके सोळाव्या वर्षी गेली. गेली म्हणजे मारली. एका नवरा-बायकोने मिळून चार पोरी मारल्या, त्यातली ती तिसरी. दोघांना जन्मठेप झाली. पण गावाच्या जिभेला हाड असतं का? "पोरगी उनाडच, कुणाच्याही गाडीत चढायची," हे बोडिलने मासळीच्या कारखान्यात ऐकलं, चर्चच्या दारात ऐकलं आणि गिळलं. आता त्या जोडप्यावर सिनेमा निघाला होता.

थेटरच्या बैठकीत म्हातारा एगॉन मान खाली घालून म्हणाला, "बोडिल, तू नको म्हण, विषय संपला."

"लावा."

"अगं, जखमेवर मीठ कशाला चोळून घेतेस?"

"माझी पोर गाडीत का बसली, तेवढं तरी खरं दाखवलंय का, ते बघायचंय मला."

थेटर भरलं. पडद्यावर नवरा देखणा, बायको त्याहून देखणी. खून कमी, चुंबनं जास्त. मेल्यांनी चक्क प्रेमकथा केली होती! मग विबेके आली. तोकडा स्कर्ट, ओठांना लाली. गाडी थांबली, आत तो एकटाच. त्याने डोळा मारला आणि पोरगी खिदळत चढली. मागच्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला.

बोडिलने उठून दिवे लावले आणि ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. सिनेमा तिच्या स्वेटरवर हलत राहिला.

"खोटं आहे हे! एकटा पुरुष असता तर माझी पोर चालत आली असती. गाडी ती बाई चालवत होती. कोर्टात तिनेच सांगितलं, पण तुम्हाला कुठे ऐकायचं होतं? काच खाली करून ती म्हणाली, बाळा, वारा किती सुटलाय, चल सोडते. आणि पोर बसली. का? मीच बजावलं होतं तिला, परक्या पुरुषाच्या गाडीत बसू नकोस, बाई असेल तर खुशाल बस. आईचं ऐकलं हो तिने! आता म्हणा उनाड."

एगॉनने खेळ बंद केला. काही जण तिचा हात दाबून गेले, काहींना तिच्याकडे बघवेना.

कॉफीच्या टेबलापाशी लेर्के तेवढी रेंगाळली. शाळेजवळ राहणारी, एका मुलीची आई. "बोडिल, मीही माझ्या पोरीला हेच सांगितलंय गं. मग आता काय सांगू?"

बोडिलच्या हातातली सुरी केकमध्येच थांबली. इतकी वर्षं तिने या प्रश्नाशिवाय दुसरं काय उगाळलं होतं?

"मला नाही माहीत, पोरी. आत्ता कुठे आहे ती?"

"शेजारी. तिथल्या नवरा-बायकोकडे खेळायला…" म्हणता म्हणता लेर्केचा चेहरा उतरला.

भली माणसं होती ती, सगळ्या गावाला ठाऊक. तरी लेर्के कोट तिथेच टाकून धावत सुटली, आणि बोडिलने तिला थांबवलं नाही.