आश्रुबामामाचा तत्त्वज्ञानाचा नाद

नांदूरघाटात माझ्या आश्रुबामामाचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्याच्यापुढं आणून टाकतात आणि तो जुनी तार उपटून नवी भरतो. काम बैठं, हात गुंतलेले, कान मात्र रिकामे. म्हणून मोबाइलवर कुण्या प्राध्यापकाची तत्त्वज्ञानावरची व्याख्यानं लावायचा नाद त्याला लागला. तोही पन्नाशीत, दहावी नापास असताना.

सुरुवातीला डोक्यावरून जायचं, हे तो स्वतःच सांगतो. एकदा बीडला जाऊन त्यानं पुस्तकांच्या दुकानातलं सगळ्यात जाड पुस्तक आणलं. जाड ते टिकाऊ, हा हिशेब तारेला चालतो, पुस्तकाला नाही. चार पानांतच घोरायला लागला. मग पुस्तक फळीवर गेलं आणि तो पहिलंच व्याख्यान पुन्हापुन्हा ऐकत बसला. त्यात सांगितलं होतं एवढंच, की आपण 'मला माहीत आहे' म्हणतो, ते कशावरून म्हणतो हे तपासावं.

एवढं हाती लागलं आणि गावाचं सुख संपलं. यंदा पाऊस चांगला, असं गिऱ्हाईक सहज बोललं तरी मामा "कशावरून?" विचारणारच. शेजारी फळांचा गाडा लावणारा मैनुद्दीन एकदा वैतागून म्हणाला, "बे आश्रुबा, आंबा गोड हाय का न्हाई ते खाऊन बघ. मला काहून पिळतो?" मामा खूश. उत्तर बरोबर आहे म्हणाला आणि आंबा खाल्ला. याला तत्त्वज्ञान नाही, भांडणं उकरून काढणं म्हणतात, असं मी त्याला तोंडावर सांगायचे. तो हसायचा.

मग माझी सोयरीक आली. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मुलगा आष्टीचा, नोकरीवाला, घर खातंपितं. त्यांना लग्न लगेच हवं होतं आणि शिक्षणाचं 'नंतर बघू'. नंतर बघितलेलं शिक्षण मी तरी आमच्या भावकीत कुणाचं पुरं झालेलं पाहिलं नाही. मला शिकायचं होतं, पण वडिलांपुढं तोंड उघडेना. आणि आमच्याकडे मुलगी गप्प बसली की तिचा होकार धरतात.

सुपारी फोडण्याआधी मुलीच्या मामाला विचारायची रीत आहे. विचारायचं ते नावापुरतं. मामानं 'आमची काही हरकत नाही' म्हणायचं, की झालं. "पोरीची पसंती हाय," असं पाहुण्यांना सांगून माझे वडील मामाकडे वळले. मी दाराआड उभी होते.

मामा म्हणाला, "दाजी, तिची पसंती हाय हे तुमाला कशावरून कळलं?"

"ती न्हाई म्हनली का कधी?" वडील म्हणाले.

"इचारलं का कुनी?" मामा म्हणाला. "मी बी न्हाई इचारलं. आता इचारू द्या."

त्यानं मला सगळ्यांसमोर बोलावलं. "वैष्णवी, तुला हे लगीन आता करायचं का?"

"न्हाई मामा. मला आधी शिकायचंय."

पाहुणे चहा न घेता उठले. वडिलांनी मामाशी बोलणं टाकलं, ते वर्षभर. आईला भाऊ सोडवेना आणि नवराही. आज मी बीडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. वडील येईल त्याला ते ऐकवतात आणि नांदूरघाटला गेले की मामाकडेच जेवतात. मामाचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत, आणि ते अंगावर राहिले तर मला आनंदच आहे.

परवा दुकानात त्याला विचारलं, "मामा, मी न्हाई म्हननार हे तुला म्हाईत होतं ना?"

"न्हाई बा," हातातल्या तारेवरची नजर न काढता तो म्हणाला. "म्हाईत असतं तर इचारलं काहून असतं? तू हो म्हनली असती तर लग्नात तुझ्या मागं उभा राह्यलो असतो."