विनोदिनीबाईंचं कुलूप

विनोदिनीबाई मटका खेळतात, ही बातमी नव्याण्णव साली सांगलीच्या खणभागात उठली, तेव्हा निम्म्या गल्लीनं ती आनंदानं झेलली. बातमीच तशी खुसखुशीत! साठीला टेकलेली, तहसील कचेरीतून रिटायर झालेली बाई भर दुपारी आप्पासोच्या एसटीडी बूथवर उभी राहून फोनात वाचते काय, तर "चार, नऊ, एफ, झिरो, बी..." मधली अक्षरं कशाला? पोलिसांना कळू नये म्हणून! शेजारच्या हरणाबाईंनी तर मटक्यात ओपनला चार आणि क्लोजला नऊ लावूनही पाहिलं. पैसे बुडाले.

मटका नव्हताच तो. फोनच्या पलीकडे अमेरिकेत बाईंची लेक अश्लेषा होती. आईनं पाठवलेलं कुलूप वाटेत कुणी बदललं तर नाही ना, हे ताडून बघायला बाई तिला त्या कुलपाचा ठसा, म्हणजे ओळख पटवणारे आकडे-अक्षरं, वाचून दाखवत होत्या.

कुलूप कशाला लागलं, तेही ऐका. गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आप्पासोच्या बूथमध्ये आला आणि सगळ्यांची ई-मेल त्याच्याच पत्त्यावर यायला लागली. आप्पासो ती छापून घरपोच द्यायचा. वाटेत वाचायचा, ते वेगळं. "आई, धवलबरोबर राहणं आता होत नाही," हे अश्लेषाचं वाक्य बाईंच्या हातात पडायच्या आधी तिच्या सासरी, फलटणला पोचलं. तिथून अमेरिकेला फोन गेला आणि धवलनं बायकोचा पासपोर्ट महिनाभर कपाटात कोंडला.

पोरगी कॉम्प्युटर शिकलेली. तिनं एका ओळखीच्याबरोबर पत्रं कुलपात घालणाऱ्या प्रोग्रामची फ्लॉपी धाडली, सोबत चार पानं सूचना. कारभार असा: कॉम्प्युटरवर एक कुलूप आणि त्याची किल्ली बनवायची. कुलूप उघड्यावर, कुणालाही द्यावं, त्यानं पत्र नुसतं बंद होतं. उघडणारी किल्ली मात्र आपल्या फ्लॉपीत, आणि तिच्यावरही एक परवलीचं वाक्य. बाईंनी एकतीस वर्षं मराठी टाइपरायटर बडवलेला. वाक्यही त्यांनी त्याच सवयीनं, न बघता, इंग्रजी कळांवर मारलं. स्क्रीनवर त्यातलं काही उमटत नाही. कुठली अक्षरं पडली ते बाईंना ठाऊक नव्हतं, त्यांच्या बोटांना होतं.

आणि मे महिन्यात गणपती पेठेत हळदीच्या हातगाडीवर बाईंची लुना आदळली. उजवा हात प्लास्टरमध्ये.

मागच्या पत्रात अश्लेषानं लिहिलं होतं, पासपोर्ट हाती लागलाय, तिकीट निघालं की दिवस कळवते, मुंबईला घ्यायला तूच ये. फलटणची मंडळी आधी पोचली, तर पोरीची समजूत घालून तिला उलट्या विमानात बसवतील. बाई दिवसातून तीनदा बूथवर. गुरुवारी पत्र आलं. पानभर अगम्य अक्षरं.

"काकू, वाक्य सांगा की, मी मारतो," आप्पासो पुढं सरसावला.

"कुठल्या कळा, ते मला सांगता येत नाही. आलं असतं तरी सांगितलं नसतं."

डाव्या हातानं मारलं. चुकलं. पुन्हा चुकलं. बाई उठल्या, दारात गेल्या, रस्ता बघितला, परत येऊन बसल्या. पुन्हा चुकलं.

"चारला लाइट जातीया, काकू."

साडेतीन झाले होते. चहा आला तसाच निवला. मग बाईंनी प्लास्टरमधून डोकावणारी बोटं कळांवर टेकवली. दाबायला जोर नव्हता.

"आप्पासो, तोंड भिंतीकडे करा."

"आवं, दुकान माजं हाय!"

"भिंतही तुमचीच आहे."

आप्पासो वळला. बाईंनी डोळे मिटले. मनात वाक्य म्हणायचं, बोट ज्या कळेकडे धाव घेईल तिथं थांबायचं, डोळा किलकिला करायचा, डाव्या हातानं तीच कळ दाबायची. प्लास्टरच्या आत घामानं खाज सुटली. एकदा बोट अडखळलं, तेव्हा सगळं पहिल्यापासून.

चारला सात मिनिटं असताना पत्र उघडलं. मंगळवारी पहाटे मुंबई. एकटीच येतेय.

बाईंनी दोनदा वाचलं, पुसलं, फ्लॉपी काढून पिशवीत टाकली. पिशवीचा बंद मात्र त्यांना काही केल्या बांधता येईना.

"काय म्हनती अश्लेषा? येतीया व्हय?" आप्पासो भिंतीकडूनच विचारत होता. "आवं काकू, मी काय परका हाय का?"

"तुम्हाला सांगायचं असतं, तर तिनं तुमचं कुलूप लावलं असतं, आप्पासो. तिनं माझं लावलंय."