मांजरपाट

अळशीच्या तेलाचा वास आला की मी अजूनही विषय बदलतो. शेजारी कुणी दारं-खिडक्या रंगवायला काढली तर दिवसभर बाहेर जाऊन बसतो. बायको होती तोवर तिला वाटायचं, मला त्या वासाची शिसारी आहे. तिलाही मी खरं सांगितलं नाही. वर्षानुवर्षं टाळलेलं हे आता ऐंशीच्या घरात आल्यावर सांगतो आहे, तेही कागदाला.

मी अमरावतीत अळशीच्या तेलात रंग कालवून सिनेमाचे बॅनर रंगवायचो. मांजरपाटाचं जाडं कापड चौकटीवर ताणून, सरस आणि सफेदा फिरवून वैशाखाच्या उन्हात ठेवलं की ते नगाऱ्यासारखं वाजे, आणि टॉकीजमागच्या पत्र्याच्या शेडपाशी कडुनिंबाची सावली हलत हलत त्या कोऱ्या पांढरेपणावर येई, तेव्हा मी पहिली रेघ ओढी. सिनेमा बघून रंगवण्याची चैन आमच्या धंद्यात नव्हती. रिळांच्या पेट्या यायच्या आधीच बॅनर चढलेला असे. एखादा फोटो मिळाला तरी पुष्कळ.

त्या उन्हाळ्यात एक विलायती भुताचा सिनेमा येणार होता. एका लहान मुलाच्या अंगात सैतान आहे आणि त्याच्याभोवतीची माणसं एकेक करून मरतात, एवढंच मला ठाऊक होतं. टॉकीजच्या मालकांनी फोटो पाहिला आणि पान थुंकून म्हणाले, "पेंटर, या गोऱ्यागोमट्या लेकराले कोण भेईन? आपल्यातलं तोंड लाव."

आपल्यातलं तोंड माझ्या घरीच होतं. धाकटी बहीण वत्सला नुकतीच विधवा झाली होती आणि आपल्या लहानग्या मुलीला, मालूला घेऊन अकोल्याहून माझ्याकडे राहायला आली होती. मालूचे डोळे घारे. पिकायला लागलेल्या संत्र्याच्या सालीवर हिरव्या-पिवळ्याच्या मध्ये एक उजेड थांबलेला असतो, तसे. मी तिला शेडमध्ये स्टुलावर बसवलं. लिमलेटची गोळी गालात ठेवून, पाय हलवत तिनं विचारलं, "मामा, मी सिनेमात दिसीन?"

"साऱ्या अमरावतीले दिसशीन."

"मंग मले हासू दे ना."

"हासू नोको. माह्याकडे पाह्य."

हसू मी गाळलं. भुवयांखाली निळी सावली दिली, बुबुळांत पिवळा थेंब सोडला. माझ्या हातून उतरलेलं सर्वांत चांगलं चित्र ते, हेही इथे लिहून ठेवलं पाहिजे.

बॅनर चौकात चढला आणि लोक सायकली थांबवून बघू लागले. मालू त्याच्याखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हे मी' म्हणून सांगायची. मग कुणीतरी जोडायचं ते जोडलं. सार्वजनिक नळावर एक म्हातारी वत्सलाला म्हणाली, "बापाले इनंच खाल्लं ना वं?" गल्लीतली पोरं मालूला खेळायला घेईनात.

वत्सला शेडमध्ये आली ती भर उन्हाची, अनवाणी. "दादा, लोकायले सांग ना, ते डोळे तुह्या हातचे हायेत म्हणून. पोरीचे नाहीत." मी ब्रश धुवत होतो. मान वर न करता म्हणालो, "सिनेमा उतरला का भुलतीन लोक." पण सिनेमा उतरतच नव्हता. रोज गर्दी होत होती, आणि पानठेल्यावर माणसं मला अडवून म्हणत होती, "काय डोळे काढले पेंटर, रातची झोप गेली." मला ते ऐकायला आवडत होतं. चार लोकांत एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यानं माझं चित्र लहान झालं असतं.

पुढे त्याच मांजरपाटावर पांढरा हात मारून मी दुसरा सिनेमा रंगवला. कापडाचं तेवढं बरं असतं. मालू मात्र आईबरोबर अकोल्याला परतली ती मान खाली घालून चालायला शिकूनच. स्थळं यायची आणि थेट नांदगाव खंडेश्वर गावच्या कुणालातरी तो बॅनर आठवायचा. अखेर उशिरा का होईना लग्न ठरलं, तेव्हा मामा म्हणून तिच्या पाठीशी मीच उभा होतो. समोर अंतरपाट, वेणीतल्या मोगऱ्याचा वास, आणि कानाशी वाकून दोन शब्द बोलायला अख्ख्या मंगलाष्टकांचा अवकाश. मी कापडाची वीण न्याहाळत राहिलो. अंतरपाट बाजूला झाला, गुरुजी म्हणाले, "मुली, वर बघ आता." तिनं न बघताच हार घातला.

परवा दुपारी नातवानं मोबाइलवर एक जुना सिनेमा लावला. "आबा, हा पाह्यला का तुमी? लय भेव वाटते म्हणतात." तोच होता. मी तो पहिल्यांदा पाहिला. त्यातलं लेकरू जवळजवळ काहीच करत नाही. बसतं, खेळतं, कुणीतरी बोलावेल म्हणून बघत राहतं. भीती असते ती भोवतालच्या मोठ्या माणसांच्या तोंडावर. ती तोंडं बघून आपण लेकराला भितो. पडद्यावर निदान सैतान खरा होता, म्हणून मोठ्यांना भिण्याचा हक्क तरी होता.

नातवालाच सांगून अकोल्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर छताचा पंखा दिसला. मालू फोन नेहमी असाच धरते.

"बोल मामा."

"जरा तोंड दाखव ना, मालू."

"काय पाह्यतं मामा त्याच्यात. म्हातारी झाली मी बी."

ती हसल्यासारखं वाटलं. ऐकू आलं, दिसलं नाही. पंखा संथ फिरत होता, आणि एवढ्या वर्षांचं ते एक वाक्य जिभेपर्यंत आलं होतं.

"जेवली का?" मी पंख्याला विचारलं.