लाह्याला आलेली एस्तेर

"दुखणं आधी, बाकीचं मागून."

उंबऱ्याशी चपला काढता काढता एस्तेर गावित हे म्हणायचीच. घरचे विचारत, "सिस्टर, किती दिवस काढतील? सुरतेला न्यावं का? खर्च किती येईल?" सगळ्यांना तिचं तेवढंच उत्तर. मग ओढणी कमरेला बांधून ती खाटेशी बसायची आणि आजाऱ्याला म्हणायची, "कुठं दुखतं? बोटानं दाखवा मला."

कोरीटच्या वत्सलाबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना रागच आला होता. घरचा धनी गालातल्या गाठीनं खंगत चाललेला, मोठ्या दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलेलं, आणि ही सावळी, ठेंगणी बाई बोट दाखवा म्हणते!

चुनीलाल पाटलांनी बोट दाखवलं नाही. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांत त्यांचा शब्द चालायचा. केळीच्या बागा त्यांनी पोरासारख्या वाढवल्या होत्या. दारी आलेला माणूस त्यांनी कधी रिकाम्या हातानं पाठवला नव्हता. आता तोंड नीट उघडत नव्हतं, गालावरच्या फडक्यातून वास यायचा, आणि कळ आली की ते उपरणं दातांत धरायचे. पण हूं की चूं नाही.

एस्तेर येत होती खांडबाऱ्याजवळच्या 'विसावा'मधून. जिथं औषधानं बरं होणं संपतं, तिथून पुढचं माणसाचं दुखणं हलकं करणारं ते घर. बाहेरच्या एका संस्थेच्या मदतीवर ते सुरू झालं. ती मदत एका साली अचानक आटली. दाराला कुलूप लागणार, असं सारे धरून चालले होते. पण डोंगरातल्या गावांनी ते लागू दिलं नाही. भात निघाला की कुणी पोतं आणून टाकलं, कुणी तुरीची डाळ. रविवारच्या प्रार्थनेनंतर झोळी फिरली. सुरतेकडे कामाला गेलेली पोरं सणाला येताना काहीबाही ठेवून जाऊ लागली. औषधाचा खर्च नवापूरच्या दोन-चार दुकानदारांनी वाटून घेतला. असं ते घर चाललं. आजाऱ्याकडून मात्र काही घ्यायचं नाही. त्याच्या घरी पाण्यापलीकडे काही तोंडात घालायचं नाही, असा तिथला नियम होता.

आणि नेमकं तिथंच अडलं.

वत्सलाबाईंनी चहा पुढे केला. एस्तेर म्हणाली, "नको काकू, पाणी चालंल."

चुनीलाल भिंतीकडे तोंड करून पडले. तिनं औषधाची बाटली काढली, चमच्यात थेंब मोजले. त्यांनी चमचा हातानं लोटून दिला.

"तू आम्हना घरना चहा पेत नही," ते तोंडातल्या तोंडात, ओठ न हलवता बोलले. "मंग मी तुन्हं औषध कसाले पेऊ? फुकटनं औषध लेनारा आम्ही नहीत."

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. थोरला मुलगा अमृत दारातून टोमणा मारायचा, "बाबा, फुकटना दवाखाना शे, वर तुम्हना नखरा!" त्याला बापाचं उपरणं दिसत नव्हतं. वत्सलाबाई ते धूत असत. दातांनी त्याला भोकं पडली होती. हा माणूस असाच कळ गिळत, मान ताठ ठेवून जाणार, आणि आपण नुसतं बघणार, हेच त्यांच्या मनात घोळायचं.

तिसऱ्या खेपेला एस्तेर निघाली, तशा त्या तिच्यामागोमाग रस्त्यापर्यंत गेल्या.

"पोरी, थांब. त्यासना मनमा दुसरंच शे."

"काय आहे काकू?"

वत्सलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मन्ही सासू कापूस वेचनाऱ्या तुम्हना आदिवासी बायासना कप गोठाना कोनाडामा ठेवे. येगळा. सासू गयी, त्यासनी ते कप फोडी टाकात. पन मनमातून गयात नहीत. त्यासले वाटस, तू तोच राग काढी ऱ्हायनी."

एस्तेर एकदम हसली. वत्सलाबाईंना ते हसणं अजून आठवतं, कारण त्यात कुठेही काटा नव्हता.

"अहो काकू, तसला कप माझ्या आईनंही धुतला असंल. तिचं नाव हिरीबाई. उसाच्या तोडीवर असताना पोटातल्या गाठीनं गेली, पालात, ओरडत. औषधाचा थेंब मिळाला नाही तिला. मला राग धरायचाच असता तर त्याचा धरला असता. कपाचा कुठं धरू? आणि राग धरून कुणी पॅसेंजरनं नंदुरबारला उतरून, काळी-पिवळी जीपमधे कोंबड्यांसारखं कोंबून घेऊन इथवर येतं का?"

तिथंच, बाभळीखाली उभं राहून तिनं 'विसावा'च्या सॅम्युअल सरांना फोन लावला. निवृत्त मास्तर ते, घराचा सगळा कारभार बघायचे. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"आज भाकरी, उद्या कोंबडी, परवा कुणी बकरी विकील तुमच्या पाहुणचारासाठी. एस्तेर, हा नियम तूच करायला लावलास ना? एका बाईनं तुझ्यासाठी दुभती शेळी विकली म्हणून रडत आली होतीस."

"हो सर, मीच. पण लाह्याला आलेल्या माणसाला घरधनी कधी उपाशी पाठवतो का?"

मग सॅम्युअल सर म्हणाले, "जेव. पण घरात शिजलेलं, तेवढंच. पिशवीत काही येता कामा नये."

एस्तेर माघारी वळली. उंबऱ्याशी पुन्हा चपला काढल्या आणि म्हणाली, "काकू, चहा नको. भूक लागलीय, जेवायला वाढा."

चुनीलालांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"बापू," ती खाटेशेजारी मांडी घालून बसत म्हणाली, "आमच्या डोंगरात कुणाचं घर उभारायचं असलं की सारं गाव येतं. त्याला आम्ही लाहा म्हणतो. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं, बस. आणि उद्या दुसऱ्याचं घर निघालं की त्यानंही खांदा द्यायला जायचं. मी दान घेऊन आले नाही. मी तुमच्याकडे लाह्याला आलेय."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आली, भरीत आलं, वर तुपाची धार आली. स्वतःला घोटभर पेज उतरत नव्हती तो माणूस उशीवर कोपर टेकून तिचा प्रत्येक घास बघत होता. ताट अर्धं झालं तसे ते बायकोला म्हणाले, "वाढ तिले आखो. तूप वाढ."

"बापू, असंच वाढत राहिलात तर जीपवाला मला दोन सीटचं भाडं लावंल!"

चुनीलालांच्या डोळ्यांत हसू आलं. गालाला हसता येत नव्हतं. मग त्यांनी बोट उचललं आणि दाखवलं: इथं, कानाखाली, आणि इथं, मानेत. एस्तेरनं हात धुतले, थेंब मोजले. त्यांनी चमचा ओठांशी घेतला.

पुढचे दिवस वत्सलाबाई देवाचे मानतात. कळ अगदी गेली नाही, पण माणसाला माणसासारखं राहू देईल इतकी ती मवाळ झाली. जखम कशी धुवायची, वास कसा घालवायचा, ते एस्तेरनं त्यांना शिकवलं. चुनीलाल उन्हात खाट टाकून बागेकडे बघत बसू लागले. एका दुपारी बायकोचा हात हातात घेऊन त्यांनी एवढंच सांगितलं की आपल्याला आता लाह्याला जाता येणार नाही, अमृतला पाठव.

होळीच्या आधी ते गेले. घरात, आपल्या खाटेवर. उपरणं कोरडं होतं.

मग अमृत लाह्याला गेला. ट्रॅक्टरमध्ये केळीचे घड भरले, कारण तोंडाच्या आजाऱ्याला कुस्करलेलं केळं उतरतं हे त्यानं बापाच्या शेवटच्या दिवसांत पाहिलं होतं. बरोबर भाऊबंद होते. 'विसावा'च्या पडवीवर पत्रे चढवायचे होते, ते त्यांनी दिवसभर चढवले. दुपारी डोंगरातल्या बायांनी अंगणात पंगत मांडली आणि तापीकाठचे हे पाटील ओळीनं बसून नागलीची भाकरी जेवले. आता केळी निघाली की कोरीटमधून कुणी ना कुणी जातं. जाणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

एस्तेर बापू गेले त्या दिवसांतच एकदा आली होती, घरच्यांना भेटायला. वत्सलाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. धनी गेल्यावर बाईनं काही दिवस कोपरा सोडायचा नाही, अशी गुजर घरातली रीत. एस्तेर त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. वत्सलाबाईंनी तिचा हात आपल्या गालाला लावला आणि खूप वेळ तसाच ठेवला.

"निघते काकू. पलीकडच्या गावात एक बाई आहे. रात्रभर झोपली नाही म्हणे."

ती अंगणात उतरली तशा वत्सलाबाई भिंतीला धरून उठल्या. सून मोहिनी कुजबुजली, "आत्याबाई, कोपरा! लोके काय म्हनतीन?"

"म्हनू दे," त्या म्हणाल्या आणि ओट्यावर आल्या.

एस्तेर पाटाच्या कडेनं चालली होती. खांद्याला पिशवी, चाल भराभर, वाट पाहणाऱ्याकडे जाणाऱ्या माणसाची. केळीच्या दोन बागांमधून ती बारीक होत गेली. तिनं मागे पाहिलं नाही. ओट्यावर सासू उभी होती, आणि थोड्या वेळानं तिच्या दंडाला धरून सूनही उभी राहिली.